सोळा टेक्निशियन, चार मंगळवार: धंद्यासाठी मोबाइल शिकवण्याचा अनुभव

सोलापुरात एसी-फ्रिजचं काम करणाऱ्याला मार्च ते मे मान वर करायला फुरसत नसते. पारा ४२-४३ वर गेला की दिवसाला आठ-दहा कॉल होतात, तरी फोन वाजतच राहतो. पहिला पाऊस पडला की तोच फोन गप्प होतो. त्यामुळे या लोकांना व्हॉट्सॲप, गूगल, फेसबुक धंद्यासाठी वापरायला उन्हाळ्याच्या गर्दीआधी शिकवायचं तर संक्रांत ते शिवरात्र एवढाच काळ मिळतो. २०२५ मध्ये, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर २१ जानेवारीला वर्ग सुरू केला आणि पाडव्याला, ३० मार्चला, काय जमलं काय राहिलं ते मांडून बघितलं. आपल्या गावात असा वर्ग घ्यायचा विचार असेल किंवा स्वतः टेक्निशियन असून एकट्यानेच हे शिकायचं असेल, तर पुढचं उपयोगी पडेल.

वर्गात सोळा जण होते. नऊ एसी-फ्रिजवाले, चार वॉशिंग मशीन आणि आरओ (पाण्याचे फिल्टर) करणारे, तीन इलेक्ट्रिशियन. वार मंगळवार, वेळ रात्री साडेआठ ते दहा. रविवार ठेवू नका. गिऱ्हाईक घरी असतं तो रविवारच, त्यामुळे त्या दिवशी कामं जास्त असतात. स्पेअर पार्टच्या दुकानावरची खोली मिळाली, तिला भाडं नव्हतं. चार वर्गांचे माणशी २०० रुपये घेतले. फुकट ठेवलं तर एखादा कॉल आला की माणूस वर्ग सोडतो, पैसे भरलेले असले की कॉल अर्ध्या तासाने पुढे ढकलतो. खर्च असा झाला: दोन साधे ट्रायपॉड ७००, कॉलरला लावायचा माइक ९००, स्टिकरची छपाई ८००, पहिल्या दिवशी प्रोजेक्टरचं भाडं ५००, बाकी चहा. प्रोजेक्टरचे पैसे वाया गेले. पडद्यावर दाखवलेलं सगळे बघतात, पण हात आपापल्या फोनवर चालत नाही. दुसऱ्या मंगळवारपासून चार टेबलं, टेबलाला चार माणसं, आणि प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर करायचं, अशी बसण्याची रीत ठरवली.

पहिल्या दिवशी सगळ्यांना रील शिकायचं होतं. तरी सुरुवात नंबरापासून केली, आणि ते बरं झालं. टेक्निशियनची खरी जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाच्या एसीवर, फ्रिजच्या बाजूला चिकटवलेलं स्टिकर. प्रत्येकाला तीन गोष्टी टेबलावर ठेवायला सांगितल्या: स्टिकर, बिल बुक आणि व्हॉट्सॲप उघडलेला फोन. सोळापैकी पाच जणांचे तिन्हीकडचे नंबर जुळत नव्हते. कुणाचं व्हॉट्सॲप मुलाने काढलेल्या दुसऱ्या सिमवर, कुणाच्या स्टिकरवर बंद पडलेला नंबर. दोन वर्षांपूर्वी ज्याच्या घरी काम केलं तो माणूस तुम्हाला शोधतोय आणि सापडत नाही, हा तोटा कुठल्याच व्हिडिओने भरून निघत नाही. आधी एक नंबर पक्का करा. जुना चालू असेल तर जुनाच ठेवा.

मग व्हॉट्सॲप बिझनेस. ॲप फुकट आहे. साधं व्हॉट्सॲप ज्या नंबरावर आहे तोच नंबर बिझनेसवर नेता येतो, पण एकच नंबर दोन्ही ॲपवर एकदम चालत नाही. न्यायच्या आधी साध्या ॲपमध्ये बॅकअप घ्या, ज्या सिमवर ओटीपी येणार ते सिम हातात आहे ना ते बघा, आणि फोनमध्ये जागा करा. तिघांचं काम इथेच अडलं ते जागेमुळे. शेकडो गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी फोन भरलेला होता. एकाचं अडलं ते सहा आकडी पिनमुळे. दोन टप्प्यांची पडताळणी कधीतरी चालू केलेली, पिन आठवत नाही, ईमेल जोडलेला नाही. अशा वेळी सात दिवस थांबण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. तो माणूस पुढच्या मंगळवारी हिरमुसून आला, पण त्याच रात्री त्याचा नंबर सुरू झाला. पिन ठेवाच, फक्त ईमेल जोडा आणि पिन बिल बुकात नको, घरच्या वहीत लिहून ठेवा.

ॲपमध्ये कामाच्या गोष्टी तीनच आहेत. पहिली प्रोफाइल: नाव, कामाचा प्रकार, वेळ, भाग. दुसरी लेबलं, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला लावायच्या खुणा. आम्ही चार ठरवून दिली: ‘एस्टिमेट दिलं’, ‘पार्ट येणार’, ‘पैसे बाकी’, ‘सर्व्हिस ड्यू’. यातलं शेवटचं लेबल जो नीट लावतो त्याला फेब्रुवारीत आपोआप काम मिळतं. तिसरी, तयार उत्तरं. ‘रेट काय?’ असा मेसेज आला की बहुतेक जण एकदम आकडा टाकतात आणि गिऱ्हाईक तो आकडा घेऊन दुसरीकडे जातं. वर्गात सगळ्यांनी मिळून जे उत्तर लिहिलं ते असं:

‘नमस्कार. एसी स्प्लिट आहे की विंडो, किती टनाचा, आणि आपला भाग कोणता, एवढं कळवा. इनडोअर युनिटच्या बाजूच्या लेबलचा एक फोटो पाठवा. बघणावळ ३०० रुपये, काम आमच्याकडून करून घेतलं तर बिलात वजा होते. आज संध्याकाळी ६ नंतर येऊ शकतो.’

बघणावळीचा, म्हणजे नुसतं येऊन बघण्याच्या फीचा, आकडा ज्याचा त्याने घातला. या उत्तराने दोन कामं होतात. लेबलच्या फोटोवरून मॉडेल आणि गॅस कळतो, म्हणजे जाताना बरोबर सामान नेता येतं. आणि फुकटात बघून जा म्हणणारे आपणच गळतात.

दुसरा मंगळवार कागदपत्रांत गेला. कंटाळवाणा वाटतो, पण पुढे गूगलवर धंद्याचा पुरावा लागतो तेव्हा हेच कागद उपयोगी येतात. महाराष्ट्रात लहान आस्थापनेला (वर्गाच्या वेळी दहापेक्षा कमी माणसं असलेल्या) नोंदणी लागत नाही, कामगार विभागाच्या पोर्टलवर फक्त सूचना द्यावी लागते. लोक त्याला अजून गुमास्ताच म्हणतात. आधार, पॅन, फोटो, सही आणि मराठी पाटीसह जागेचा फोटो लागतो. घरून काम करणाऱ्यांनी दाराला लहानशी पाटी लावून फोटो काढला. सरकारी फी नाममात्र आहे. स्वतः जमलं नाही त्यांच्याकडून सेवा केंद्रवाल्याने ३०० रुपये घेतले, ते ठीक. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी मात्र पूर्ण फुकट आहे, आधारच्या ओटीपीवर होते. तिचे हजार-दीड हजार मागणारे भेटतात, त्यांना देऊ नका.

इथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची, ती म्हणजे नाव. पाटीवर ‘श्री साई रेफ्रिजरेशन’, गुमास्त्यावर ‘साई रेफ्रिजरेशन वर्क्स’, बिल बुकावर ‘साई कूलिंग’ असं असेल तर पुढे अडणारच. एक नाव ठरवा आणि काना-मात्रेसकट तेच सगळीकडे लिहा.

तिसऱ्या मंगळवारी, ४ फेब्रुवारीला, गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि त्याच्या नकाशावर दिसणारं धंद्याचं पान. टेक्निशियनला सगळ्यात जास्त काम इथून मिळतं असं आमचं ठाम मत आहे, फेसबुक-इन्स्टाग्राम नंतर. कारण साधं आहे. फेसबुकवर माणूस करमणुकीला गेलेला असतो. ‘जवळचा एसी रिपेअर’ असं शोधणाऱ्याच्या घरात त्या वेळी एसी बंद पडलेला असतो.

प्रोफाइल भरताना चुका ठरलेल्या आहेत. नावात ‘एसी रिपेअर सोलापूर बेस्ट २४ तास’ असं कोंबायचा मोह होतो. गूगलच्या नियमात हे बसत नाही, पाटीवर जे आहे तेवढंच नाव चालतं. कोंबलेल्या नावाने प्रोफाइल निलंबित होऊ शकतं आणि मग परत मिळवायला अर्ज करत बसावं लागतं. घरून काम करत असाल, गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल, तर पत्ता लपवा आणि सेवा देण्याचे भाग भरा. वीसपर्यंत भरता येतात. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड असे जिथे खरंच जाता तेवढेच लिहा. पंढरपूर, तुळजापूर लिहिलं तर तिकडून फोन येतील आणि प्रत्येकाला नाही म्हणावं लागेल.

आणखी एक गोष्ट आम्ही निक्षून सांगितली. कंपनीने तुम्हाला अधिकृत नेमलेलं नसेल तर त्या कंपनीचं नाव आणि लोगो वापरून ‘सर्व्हिस सेंटर’ लिहू नका. खोट्या कस्टमर केअर नंबरांनी लोक इतके फसलेत की असं प्रोफाइल दिसलं की शहाणं गिऱ्हाईक लांबच राहतं. ‘सर्व कंपन्यांचे एसी दुरुस्त करतो’ एवढं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

आता पडताळणी. सगळ्यात जास्त वेळ आणि मनस्ताप इथे होतो. पडताळणी कशी करायची ते गूगल ठरवतं, आपण नाही. आमच्या बहुतेकांना व्हिडिओ मागितला. किमान ३० सेकंदांचा, एका दमात काढलेला, मध्ये न तोडलेला. त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात: तुम्ही कुठे आहात, धंदा खरा आहे, आणि तो तुमच्या ताब्यात आहे. पहिल्या फेरीत अकरा जणांनी व्हिडिओ पाठवले आणि सात परत आले. बघितल्यावर कारणं कळली. रात्री दहाला घरात काढलेले, बाहेरचं काहीच दिसत नाही. हत्यारं नीट दिसतात, पण कुठलाही कागद किंवा पाटी नाही. एकाने गॅलरीतला जुना व्हिडिओ चढवायचा प्रयत्न केला, तो तर चालतच नाही.

दुसऱ्या फेरीला क्रम बांधून दिला आणि आधी दोनदा रंगीत तालीम घेतली. सकाळी आठ-नऊच्या उजेडात सुरुवात करायची. रस्त्यावर उभं राहून रस्त्याची किंवा कॉलनीची पाटी, शेजारचं ओळखू येईल असं दुकान किंवा देऊळ दाखवायचं. तिथून चालत दारापर्यंत, दारावरची पाटी. मग गाडीची डिकी किंवा हत्यारांची पेटी किल्लीने उघडायची. किल्ली तुमच्याकडे आहे, हाच ताब्याचा पुरावा. आत मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप, क्लॅम्प मीटर, फ्लेअरिंगचं टूल दिसू द्या. शेवटी गुमास्त्याची पावती आणि बिल बुकाचं नाव कॅमेऱ्यासमोर तीन-तीन सेकंद स्थिर धरायचं. आधार, पॅन, बँकेचा कागद दाखवायचा नाही. चेहरा दाखवायची गरज नाही. सगळं मिळून सव्वा ते दीड मिनिटात होतं. व्हिडिओ चढेपर्यंत स्क्रीन बंद करू नका, चांगल्या नेटवर उभे राहा. निकालाला पाच कामाचे दिवस लागू शकतात. या पाच दिवसांत नाव, पत्ता, नंबर, काहीही बदलू नका. सातपैकी पाच या फेरीत पार झाले. राहिलेल्या दोघांच्या नावातच गफलत होती, तो कागद दुरुस्त करायला मार्च लागला.

याच आठवड्यात तिघांना ‘गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार, अमुक पैसे भरा’ असे फोन आले. प्रोफाइल फुकट आहे. असा फोन आला की ठेवून द्या.

चौथा मंगळवार, ११ फेब्रुवारी, फोटो आणि व्हिडिओ. इथे मात्र वर्ग रंगला, कारण विषय त्यांचा होता. आधी कॅमेऱ्याची काच पुसा. टेक्निशियनच्या फोनवर ग्रीस आणि कॉइलची धूळ असतेच, आणि निम्मे फोटो धूसर येतात ते त्यामुळेच. सर्व्हिसच्या आधी आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, एकाच उजेडात काढा. इनडोअरचं कव्हर उघडल्यावर कॉइलपासून दोन वीत अंतरावर, फ्लॅश बंद, हेल्परने बाजूने टॉर्च धरायचा. समोरून टॉर्च मारला तर कॉइलवरच्या पातळ पट्ट्या (फिन्स) चमकतात आणि मळ दिसतच नाही. गिऱ्हाइकाची परवानगी तोंडी का होईना घ्याच. देवघर, घरातली माणसं, वायफायचा पासवर्ड लिहिलेला राउटर, दाराचा नंबर, यातलं काही चौकटीत येऊ नये.

व्हिडिओसाठी एक खराब कॅपॅसिटर (कॉम्प्रेसर सुरू करायला लागणारा भाग) आणून टेबलावर ठेवला. वर ४५ मायक्रोफॅरड छापलेलं, खाली अधिक-उणे ५ टक्के. म्हणजे मीटरवर ४२.७५ ते ४७.२५ च्या मध्ये आकडा आला पाहिजे. पॉवर बंद, कॅपॅसिटर डिस्चार्ज, मग प्रोब लावले. मीटर ३१ वर थांबला. फोन उभा धरून हा प्रकार ३५ सेकंदांत घेतला. पहिल्या तीन सेकंदांत मीटरचा आकडा, मग वाक्य: ‘आउटडोअर गुणगुणतं, पण कॉम्प्रेसर उचलत नाही? बऱ्याचदा कॉम्प्रेसर चांगला असतो, हा कॅपॅसिटर गेलेला असतो.’ शेवटी ‘हे घरी करू नका, यात करंट साठलेला असतो’. व्हिडिओ बनवण्याचं सगळं शिक्षण यात आलं. ‘नमस्कार मित्रांनो, माझ्या चॅनेलवर स्वागत’ म्हणेपर्यंत बघणारा पुढे गेलेला असतो. माइक कॉलरला लावा, नाहीतर आउटडोअरच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. मराठीत शब्द खाली उमटवा, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. सिनेमातलं गाणं मागे लावू नका. धंद्याच्या खात्याला त्याचा हक्क मिळत नाही आणि व्हिडिओचा आवाजच काढला जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त लोकांनी बघितला तो गॅसचा व्हिडिओ. त्यातली वाक्यं टेक्निशियनचीच होती: ‘एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी लीकेज आहे. दरवर्षी नुसता गॅस भरून देणाऱ्याला विचारा, लीकेज कुठं होतं?’ हे बोलायला धीर लागतो, कारण नुसता टॉप-अप मारणं हेच अनेकांचं मे महिन्यातलं उत्पन्न. पण ज्याने बोललं त्याच्याकडे लीकेज शोधायची, प्रेशर टेस्टची कामं आली, आणि ती कामं टॉप-अपपेक्षा मोठी असतात.

एक व्हिडिओ मात्र आम्ही काढून टाकायला लावला. आर-३२ गॅसच्या आउटडोअरवर, सिस्टीम रिकामी न करता शेजारी ब्रेझिंगचा, म्हणजे नळ्या जोडायचा, टॉर्च पेटवलेला दिसत होता. हा वायू हलका का होईना, पेट घेतो. असा व्हिडिओ बघून कुणी तसंच करेल, आणि जाणकार गिऱ्हाईक बघेल ते पुन्हा बोलावणार नाही. शूटिंगच्या नादात काम बिघडता कामा नये.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरं भरपूर. दोघांनी तोच कॅपॅसिटरचा व्हिडिओ तेलुगूत पुन्हा काढला, कारण त्यांची निम्मी गिऱ्हाइकं पूर्व भागातली आहेत. मुद्दाम सुचवावं असं हे काम आहे, खर्च काहीच नाही.

रिव्ह्यूबद्दल वर्गात वाद झाला. सोळा जणांनी एकमेकांना पाच-पाच तारे द्यावेत अशी सूचना आली. आम्ही नको म्हटलं. ते नियमाविरुद्ध आहे, गूगल असे रिव्ह्यू उडवतं, आणि वाचणाऱ्यालाही ते ओळखू येतात. सवलत देऊन रिव्ह्यू घेणंही चालत नाही. काम झाल्यावर थंड हवा सुरू झाली, गिऱ्हाईक समाधानाने समोर उभं आहे, तेव्हाच रिव्ह्यूची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा आणि म्हणा, ‘काय बिघडलं होतं आणि किती वेळात झालं, एवढं लिहा.’ दुसऱ्या दिवशी कुणी लिहीत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर त्याच दिवशी, दोन ओळींत, न भांडता उत्तर द्या. पुढचं गिऱ्हाईक ते उत्तर वाचतं.

शिकवताना एक गोष्ट उशिरा लक्षात आली. शिडीवर चढलेल्या माणसाला मेसेजला उत्तर देता येत नाही. चार तासांनी उत्तर दिलं तर काम गेलेलं असतं. व्हॉट्सॲपला चारपर्यंत जोड उपकरणं लावता येतात, म्हणून १८ फेब्रुवारीच्या जादा वर्गाला सगळ्यांना घरातल्या एका माणसाला घेऊन यायला सांगितलं. कुणाची बायको आली, कुणाचा कॉलेजातला मुलगा, एकाचे वडील. तयार उत्तरं, लेबलं, कॉलची वेळ देणं, हे सगळं त्यांनी दीड तासात उचललं. मार्चमध्ये ज्यांचं काम वाढलं ते बहुतेक या घरांतले होते. हा वर्ग पुन्हा घेतला तर घरचं माणूस पहिल्या दिवसापासून बोलावणार.

फसवणुकीवर त्याच दिवशी अर्धा तास दिला. नेहमीचा प्रकार असा: फोन येतो, ‘लष्करी कॅम्पमधून बोलतोय, दहा एसींची सर्व्हिस आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेच्या शाखेत सकाळी जाऊ म्हणून थांबू नका.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज बऱ्याच जणांना एकदम पाठवण्याबद्दल, थोडंसं. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो. म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करून घ्या. महिन्याला एक मेसेज पुरे. गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका, रोज सुविचार पाठवू नका. लोक ब्लॉक करतात, आणि फार जणांनी तक्रार केली तर नंबरच बंद होतो.

पैसे देऊन जाहिरात फक्त तिघांनी केली, दिवसाला २०० रुपये, पाच दिवस, दहा किलोमीटरच्या आत, बटण दाबलं की व्हॉट्सॲप उघडेल अशी. वर १८ टक्के जीएसटी. दोघांना खर्च निघून काम मिळालं. तिसऱ्याने होळीनंतर, आधीच वेळ नसताना ती चालू ठेवली, आणि आलेल्या मेसेजना उत्तरच देता आलं नाही. जाहिरात जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवा.

पाडव्याला हिशेब केला तेव्हा सोळापैकी चौदा जणांचं व्हॉट्सॲप बिझनेस रोज वापरात होतं, बारा जणांचं गूगल प्रोफाइल पडताळून झालेलं होतं, आणि दर आठवड्याला व्हिडिओ टाकणारे पाचच उरले होते. दोघांनी मध्येच सोडलं. पुढचा वर्ग पावसाळ्यात, वॉशिंग मशीन आणि स्टॅबिलायझरच्या दिवसांत घ्यायचं ठरलं. येताना गुमास्त्याची पावती, बिल बुक, दाराच्या पाटीचा फोटो, निम्मा रिकामा केलेला फोन आणि घरातलं एक माणूस आणायचं.